खाली मानसं हायत

आमच्यापैकी कुणीही तो पितळी दांडा पुढे सारला, की मागच्या कोपऱ्यातून चाचांचा आवाज यायचा, "हाफ अहेड!" दांडा मधोमध आणला, की "स्टॉप!" एक हात कानावर दाबलेला, तोंड भिंतीकडे, आणि आवाज असा, की शेजारच्या शेडमधला वॉचमन बाहेर येऊन वर बघायचा. आणि दांडा सारणाऱ्याने उत्तराची वाट न बघता लगेच दुसरा हुकूम दिला, तर मग बघायलाच नको. ज्या पालथ्या डब्यावर ते बसायचे त्याच्यावरून ताडकन उठून ओरडायचे, "थांब की रं गड्या! खाली मानसं हायत!"

खाली कुणी नव्हतं. खाली माझं वर्कशॉप होतं, रविवार म्हणून बंद. दोन लेथ, एक ड्रिल, कोपऱ्यात लोखंडाचा कीस. वरच्या खोलीत आम्ही काही रिकामटेकडे जहाज चालवायचो. म्हणजे कॉम्प्युटरवर. तीन पडदे शेजारी शेजारी लावलेले, समोर खुर्ची, एक जण सुकाणूवर, एक जण नकाशावर, आणि खुर्चीत बसेल तो कप्तान. समुद्र खोटा, जहाज खोटं, बंदर खोटं. खरा होता तो फक्त दांडा. तो मी भंगारातल्या पितळेतून स्वतः कातला होता. जहाजाच्या इंजिनाला हुकूम द्यायचा तसलाच, सावकाश पुढे, अर्ध्या वेगाने पुढे, थांबा, मागे, अशी प्रत्येक हुकमाला एक खाच, आणि प्रत्येक खाचेत खट्ट करून बसणारा.

कुपवाडच्या कारखान्यांच्या वस्तीत जहाजं कशाला, असं पाहुणे विचारतात. मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सांगलीपासून समुद्र किती लांब आहे ते मला माहीत आहे, आणि क्रिकेट बघणाऱ्या माणसाला तू लॉर्ड्सवर राहतोस का असं कुणी विचारत नाही. आठवडाभर लोकांचे बुश आणि पिना कातून झाल्यावर मला रविवारी मोकळं पाणी बघावंसं वाटतं. बास.

हे लिहितानाही मी चिडलेलोच आहे. कुणावर, ते पुढे येईल. चाचाही त्यातून सुटलेले नाहीत.

ते पहिल्यांदा आले ते शिलाई मशीनचा एक गंजलेला दांडा घेऊन. मुलाचं सांगलीत कापडाचं दुकान, त्याच्याकडे ते राहायचे. मूळचे कडेगावचे. रविवारी मी काम घेत नाही असं मी जिन्यातूनच ओरडून सांगितलं. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. वरच्या खोलीतल्या स्पीकरमधून इंजिनाची घरघर चालू होती, ती ते मान वाकडी करून ऐकत होते.

"वर कुनाचं जहाज हाय?" त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नावर दुसरा कुणी हसला असता. मी त्यांना वर नेलं. तर पडद्याकडे नजरही न टाकता ते थेट स्पीकरशी गेले, पालथा डबा ओढला आणि बसले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "इंजन बरं हाय. पन तेल कोन घालतंय?"

चाचांनी उमेदीची सगळी वर्षं जहाजावर काढली होती. पण कुठे? तळाशी. आधी ऑइलर, मग फिटर. मुंबईत गोदीवर एक मामा होता, त्याने चिकटवून दिलं. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेला हा माणूस, आणि त्याला जग विचारलं तर सांगायचा, "लय गरम." बंदरात शिरताना आणि बंदरातून निघताना इंजिनरूममधल्या सगळ्यांनी आपापल्या जागेवर हजर राहायचं असतं. म्हणजे बघण्यासारखं जे काही असतं ते वरून जात असताना हे खाली घामाने निथळत वर दांडा हलला की खाली वाजणाऱ्या घंटेला कान लावून उभे. वरून हुकूम आला, की खालून तोच हुकूम परत द्यायचा, म्हणजे वरच्याला कळतं, की खाली ऐकू गेलं. "उत्तर न्हाई आलं तर वरच्यानं काय समजायचं? खालचं मेलं?" असं त्यांचं म्हणणं. आमच्या गेममध्ये उत्तर द्यायला कुणी नव्हतं. ते काम चाचांनी न विचारता घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता आमच्या सरांबद्दल सांगायला हवं, आणि सांगताना माझं डोकं उठणार आहे.

सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. आमच्या मंडळाचे नियम त्यांचे. रविवारी जमलो, की आधी प्रश्नमंजुषा. सगळे प्रश्न जहाजांवर. जो जिंकेल तो त्या दिवशीचा कप्तान, आणि कुठल्या पाण्यात जायचं तेही तोच ठरवणार. बाकीच्यांनी त्याच्या हाताखाली राबायचं. प्रथा सुरू झाली तेव्हा मजा होती. मग माणसांना माहितीचं व्यसन लागलं. सकाळी उठून बघावं तर ग्रुपवर सरांचा प्रश्न: अमक्या जहाजाला डोलकाठ्या किती, तमक्या जहाजाची लांबी किती, बुडालं तेव्हा कप्तान काय म्हणाला. जहाज चालवायचं राहिलं बाजूला. सरांना स्वतःला धक्क्याला जहाज नीट लावता येत नव्हतं, पण धक्क्याला जहाज बांधायच्या प्रत्येक दोराचं नाव पाठ.

बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातल्या ताई जिंकायच्या. त्यांचं पाठांतर दांडगं, आणि दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचणाऱ्या बाईला काय अवघड आहे? चाचा मात्र सपाटून हरायचे. दर रविवारी.

"जहाजाच्या डाव्या बाजूला कोणता दिवा?" सर विचारायचे.

"मला काय म्हाईत? मी जहाजाच्या पोटात व्हतो. पोटातल्याला बाहेरचं दिसतंय व्हय?"

"जहाजाचा वेग कशात मोजतात?"

"आमच्या चीफ इंजिनेरच्या शिव्यांत."

आम्ही हसायचो, सर हसायचे नाहीत. गुणांच्या रकान्यात शून्य टाकायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे. एकदा हसत हसत सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचा, नक्की जहाजावरच होता ना?" मी सरांच्या अंगावर जायला उठलो होतो. चाचांनीच मला खाली बसवलं. म्हणाले, "सरांचं बरोबर हाय, मालक. त्यांचं जहाज वरचं हाय, माजं खालचं. दोनी येगळी."

ते मला मालक म्हणायचे. कुत्सितपणे की मायेने, ते मला कधी कळलं नाही.

चाचांना हवं काय होतं, ते त्यांनी एकदा खाली लेथपाशी चहा पिताना सांगितलं. इस्तंबूलला शहराच्या मधून समुद्राचा एक चिंचोळा पट्टा जातो. मोठमोठी जहाजं शहरातून जातात, दोन्ही काठांना घरं, मशिदी, डोक्यावर पूल. चाचा तिथून कितीदा गेले त्याचा त्यांनाही हिशेब नव्हता. दर वेळी वरची पोरं खाली येऊन सांगायची: काठ इतका जवळ, की माणसं खुर्च्या टाकून चहा पीत बसलेली दिसतात. एखादा हातही करतो. चाचा हातातल्या चिंध्यांना तेल पुसत ऐकायचे.

"एकदा वर उभं राहून त्यो पट्टा बघायचा हाय," ते म्हणाले. "कप्तानाच्या जागंवरनं. तुमच्या मशिनीत हाय न्हवं त्यो?"

होता. आमच्या गेममध्ये तो पट्टा होता, आणि शेवटी एका धक्क्याला जहाज लावायचं होतं.

"मग चला की आत्ता वर," मी म्हणालो. "मी लावतो."

"चोरून?" ते असे भडकले, की चहा सांडला. "एकट्यानं जहाज न्हेत्यात व्हय? सुकानूवर मानूस पायजे, नकाशावर पायजे, खाली पायजेत. आन् खुर्ची जिंकून पायजे. तुमचा कायदा हाय न्हवं? मग कायद्यानं बसनार."

मी म्हणालो, मग निदान बाजूला उभं राहून बघा. ताई तो पट्टा महिन्याआड घेतात. तर म्हणाले, "शिनेमा हाय व्हय, बाजूला उभं राहून बघायला?" आणि खरोखर, ताईंनी इस्तंबूल घेतलं, की चाचा डबा फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. दांड्याला उत्तरं देत राहायचे, पण मागे वळून बघायचे नाहीत. असला हट्ट. मला त्या हट्टाचा इतका राग यायचा, की एकदा मी डब्याला लाथ घातली. चाचा त्याच्यावर बसलेले असताना. ते हललेसुद्धा नाहीत.

राग येण्याचं कारण होतं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. त्यांच्या सूनबाईंनी मला दुकानात सांगितलं. दोन्ही बाजूंनी काळोख आत येत चालला होता, मधलं तेवढं दिसत होतं. औषधाने तो थोपवता येईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चाचा औषध घालायचे नाहीत. झोंबतं म्हणून. एवढ्या आगीशेजारी जन्म काढलेला माणूस, आणि दोन थेंब झोंबतात! ताईंनी स्वतः त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला सुरुवात केली, तेव्हा कुठे रविवारचा तरी एक डोस पोटात, म्हणजे डोळ्यात, जायला लागला.

मग चाचांनी अभ्यास करायचं ठरवलं. सूनबाई भाकऱ्या थापताना एका हाताने मोबाईल धरून प्रश्न वाचायच्या आणि चाचा ओट्याशी उभे राहून उत्तरं पाठ करायचे. मी एकदा पैरण शिवायला टाकायच्या निमित्ताने दुकानात गेलो, तर मागच्या घरातून चालू होतं, "अब्बा, फॅदम म्हंजे किती फूट?" "सा." "आन् मघाशी बारा म्हनला तुमी." "मघाशी पानी जास्त व्हतं."

हळूहळू शून्याचे एक झाले, एकाचे दोन. सर वैतागले. त्यांना चाचा हरतात हे खटकत नव्हतं, पण चाचा जिंकायला लागले तर त्यांच्या प्रश्नांची किंमत काय राहणार? असं ते बोलले नाहीत. मी म्हणतोय. आणि मी चूक असलो तर असू दे, मला सरांबद्दल न्याय्य बोलायचं नाही.

मधे चाचांनी माझ्याकडून एक काम करून घेतलं. दांड्याच्या पट्टीवर त्यांना एक खाच जास्त हवी होती. सगळ्यात शेवटी, मागे जायच्या खाचांच्याही पलीकडे.

"ह्यो हुकूम तुमच्या गेमात न्हाई," ते म्हणाले. "फिनिश विथ इंजन. जहाज बांधून झालं, की वरनं येतो. त्यो आला, की इंजन संपलं, हातातल्या चिंध्या टाकायच्या आन् वर यायचं. त्यो हुकूम येत न्हाई तवर खालचा मानूस खालीच. जहाज थांबल्यालं असू दे न्हाईतर बुडत असू दे."

आमच्या गेममध्ये जहाज धक्क्याला लागलं, की शिट्टी वाजायची आणि गुण यायचे. खेळ खलास. चाचांना त्याचा विलक्षण संताप होता. "आन् खालच्यांना कोन सांगनार, वर या म्हनून? तशीच ऱ्हायली की रं ती तितं!" मी खाच पाडून दिली. ती कॉम्प्युटरला कुठे जोडलेली नव्हती. नुसती खाच. पण आमच्यापैकी कुणी जहाज लावलं, की दांडा त्या खाचेत टाकायला चाचा द्यायचे नाहीत. म्हणायचे, "ती माजी हाय. मी बसल्यावर."

आणि एका रविवारी ते जिंकले. ताईंचे आणि त्यांचे गुण सारखे झाले होते आणि शेवटचा प्रश्न उरला होता. जहाजाच्या कडेला, कुठल्या समुद्रात माल भरून जहाज कुठवर बुडू द्यायचं त्याच्या खुणा रंगवलेल्या असतात, अक्षरं घालून. सरांनी विचारलं, त्यातला टी कशाचा? ताईंना उत्तर माहीत होतं. त्यांनी हाच प्रश्न पूर्वी सोडवलेला मी पाहिला आहे. पण ताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. चाचांनी डोळे मिटले, हवेत भाकरी थापल्यासारखा हात हलवला आणि म्हणाले, "ट्रॉपिकल. गरम समुद्र."

सरांनी गुण दिला. नाइलाजाने दिला, पण दिला, हे कबूल करतो.

चाचा खुर्चीत बसले. पांढरा शर्ट घालून आले होते. मला आता वाटतं, कित्येक रविवार ते पांढरा शर्ट घालून येत असतील आणि माझ्या लक्षात आलं नसेल. खुर्ची पुढे ओढून नाक पडद्याला लागेल इतकी जवळ घेतली. सुकाणूवर ताई, नकाशावर सर. पाणी कोणतं ते विचारायची गरज नव्हती.

चाचांनी दांडा पुढे सारला. खट्ट. आणि थांबले.

जहाज हलायला लागलं. सर म्हणाले, "चला, चाचा, पुढे." चाचा हलले नाहीत. मान तिरकी करून बसून राहिले. कशासाठी ते आम्हाला कळायला वेळ लागला. ते खालून उत्तर येण्याची वाट बघत होते. आणि उत्तर देणारा तर स्वतः खुर्चीत बसला होता.

शेवटी ते उठले, कोपऱ्यात गेले, कानावर हात दाबून "स्लो अहेड!" म्हणून ओरडले, आणि परत येऊन खुर्चीत बसले. सर खो खो हसले. मी त्यांना कधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मी उठलो आणि कोपऱ्यातल्या डब्यावर जाऊन बसलो, भिंतीकडे तोंड करून. म्हणालो, "चाचा, खाली मी आहे. द्या हुकूम."

"मालक, तुमी?"

"हुकूम द्या!" मी खेकसलो.

खट्ट. "हाफ अहेड!" मी ओरडलो. खट्ट. "स्लो अहेड!" तुम्ही कधी भिंतीकडे तोंड करून बसून बघा. समोर चुन्याचे पोपडे, कानाशी इंजिनाची घरघर, आणि पाठीमागे सगळं जग चाललेलं. वळून बघावं असं इतकं वाटतं, की मानेला कळ येते. पण मी वळलो नाही. चाचांच्या जागी बसलो होतो, तर त्यांच्यासारखंच बसणार.

मग पाठीमागून चाचा बोलायला लागले. आधी मला वाटलं, स्वतःशीच बोलतायत. पण ते मला सांगत होते.

"मालक, डाव्या हाताला मशीद हाय. लय मोठी. मी मान फिरवून बघतो, म्हंजे समदी दिसती... हां. मिनार हायत... आता पूल येतोय. डोक्यावरनं चाललाय रं, पार डोक्यावरनं... काठाला घरं हायत, पाय पान्यात सोडून बसल्यावानी. खुर्च्या मांडल्यात. टेबलं हायत." मग खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज. "मानसं न्हाईत. चहाला कुनी बसल्यालं न्हाई."

"गेममध्ये माणसं नाहीत हो, चाचा," ताई हळूच म्हणाल्या.

"असू दे. बसायची जागा तरी बघितली." आणि दांडा मागे आला. खट्ट. "डेड स्लो, मालक. जरा सावकाश. ह्ये बघू द्या."

"डेड स्लो अहेड!" मी ओरडलो.

त्यांना नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं, त्यामुळे एकेक घर, एकेक खिडकी ते जुळवून बघत होते. त्यात वेळ जात होता. जहाजाचा वेग पडला की पाण्याची ओढ ते बाजूला नेते, आणि गेममध्ये गुण कापले जातात. मला ते कापले जाताना ऐकू येत होतं, टिक टिक टिक. सर दोनदा म्हणाले, "चाचा, वेग." तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो, उणे झालेत मार्क! काय अर्थ आहे याला?"

आणि इंजिन बंद पडलं.

पडलं नाही, पाडलं. सरांनी हात लांब करून एक बटण दाबलं होतं. कानाशी चाललेली घरघर अशी तुटली, की मी डब्यावरून उठलोच. वळून बघितलं तर तिन्ही पडदे काळे, आणि मग जहाज पुन्हा पहिल्या जागेवर, उघड्या पाण्यात.

"पुन्हा सुरू करू," सर म्हणाले. "फार खराब झालं होतं ते. पहिल्यापासून नीट करा."

चाचांचा हात दांड्यावरच होता. ते पडद्याला नाक लावून बघत होते, गेलेलं शहर कुठे दिसतंय का ते. मग त्यांनी विचारलं, "इंजन कुनी थांबवलं? मी हुकूम दिल्याला न्हाई."

"चाचा, गेम आहे हो!"

"आवं सर," चाचा म्हणाले. ओरडले नाहीत, तेच मला सहन होत नाही. "खाली मानसं हायत की."

ते उठले, चपला घालायला जिन्याशी वाकले, त्यांना एक चप्पल सापडेना. ताईंनी ती पायाशी सरकवली. मी सरांना जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. मग मी खालून पाना आणला, सगळ्यांसमोर दांडा मुळासकट उपसून काढला आणि म्हणालो, संपलं मंडळ. घरी जा.

तेव्हापासून मी चाचांचा देणेकरी असल्यासारखा बेचैन होतो. चाचा सांगलीतून उठून कडेगावला थोरल्या भावाकडे गेले होते. मी गेलो ते पावसाळा संपता संपता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. चाचा अंगणात बाजेवर बसले होते. मी बोलायच्या आधीच म्हणाले, "मालक आलं. लेथच्या पान्याचा वास येतोय." माझ्याकडे त्यांनी बघितलं, पण माझ्या खांद्याच्या जरा वर. तेव्हा मला कळलं, की मधलंही गेलं.

मी पिशवीतून पट्टीसकट दांडा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो ओळखला. अंगठ्याने एकेक खाच चाचपत ते शेवटच्या खाचेपाशी आले. थांबले.

"चाचा," मी म्हणालो, "तेवढा टाका आता. मी अजून खालीच आहे. मला वर बोलवा."

"जहाज कुठं लागलंय?" ते म्हणाले.

"लागलं असं समजा!"

"समजा कसं? दोर बांधला व्हय कुनी? मधी पान्यात हाय ते. पुलाच्या जरा म्होरं." आणि अंगठा खाचेवरून काढून घेतला. "मधी पान्यात असला हुकूम दिला, तर मानसं मरत्यात. तुमी ऱ्हावा तितंच. स्टँडबाय."

मी भयंकर चिडलो. आंधळ्या म्हाताऱ्या माणसाला बोलू नये ते बोललो: तुमच्या हट्टाने डोळे गेले, तुमच्या हट्टाने रविवार गेले, आता हा एक शब्द तोंडातून काढायला काय जातं तुमचं? भावाची बायको दारात येऊन उभी राहिली. चाचांनी तिला सांगितलं, "भाबी, च्या टाक. इंजन तापलंय."

चहा चांगला होता. मी तो दोन कप प्यालो, रागातच, आणि दांडा पिशवीत घालून परत निघालो.

थंडीत सूनबाईंचा फोन आला, चाचा गेले. मातीला सगळे गेलो. ताई रडल्या. सर आले होते. मुलाजवळ जाऊन त्याचा हात हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, काहीतरी माणसासारखं बोलतील. जवळ गेलो तर विचारत होते, "अब्बा ज्या जहाजावर होते, ते साधारण किती टनांचं होतं?" मुलगा बिचारा म्हणाला, माहीत नाही. सर म्हणाले, "विचारून ठेवायला हवं होतं." मी तिथून लांब जाऊन उभा राहिलो, कारण मातीला आलेल्या माणसाने हात उचलू नये.

आता वरची खोली मी भंगाराला दिली आहे. दांडा लेथशेजारच्या टेबलावर पट्टीसकट ठोकून ठेवलाय. कामगार त्याला डबे अडकवतात. पहिल्या सगळ्या खाचा वापरून गुळगुळीत झाल्या आहेत. शेवटच्या खाचेला मात्र अजून कानशीची धार आहे. तीत कुणी कधी दांडा टाकलेला नाही. मला टाकता येईल, हात लांब केला की झालं. पण तो हुकूम वरून यायचा असतो.

कधी कुणाचा धक्का लागतो, खट्ट होतं, आणि माझ्या तोंडून निघून जातं, "हाफ अहेड!" पोरं हसतात. हसू देत. मी चिडत नाही त्यांच्यावर. मी चाचांवर चिडलेलो आहे, पुलाच्या जरा पुढे, मधल्या पाण्यात जहाज सोडून जाणाऱ्या त्या हट्टी म्हाताऱ्यावर. खाली माणूस आहे, हे त्यांना माहीत होतं.